आपटेकाकांच्या पाकिटातलं खवलं

पाकिटात माशाचं खवलं बाळगणारा कोकणस्थ ब्राह्मण मी आयुष्यात एकच पाहिला. आपटेकाका भाजीवाल्याला पैसे द्यायला पाकीट उघडत, तेव्हा नोटांच्या आधी ते खवलं दिसायचं. नखाएवढं, पिवळट, कडा झिजलेलं, प्लास्टिकच्या तुकड्यात गुंडाळलेलं. आम्ही डोंबिवलीजवळच्या कोपरचे आगरी. आमच्या घरात मासे उदंड, पण खवलं आम्ही केरात टाकतो. आणि ज्यांच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा शिजत नाही, त्यांनी ते देवाच्या टाकासारखं जपावं! बिल्डिंगमध्ये त्यांची भरपूर चेष्टा व्हायची. काका चिडत नसत. "मासा गेला, खवलं राहिलं," एवढंच म्हणत आणि पाकीट मिटत.

हे त्यांचं पालुपद होतं. भारत मॅच हरला, नळाचं पाणी गेलं, तिसऱ्या मजल्यावरचं ठरलेलं लग्न मोडलं, काका जिन्यातून उतरता उतरता म्हणणारच, "मासा गेला, खवलं राहिलं." नवख्या माणसाला काही कळायचं नाही. आम्हाला मात्र त्यामागची गोष्ट तोंडपाठ होती.

आमच्या भाताच्या शेतावर बिल्डिंग उभी राहिली, तेव्हा बाबांना जमिनीच्या बदल्यात फ्लॅट मिळाले आणि समोरच्या दारात आपटे राहायला आले. काका शीळफाट्याकडच्या एका कारखान्यात इंजिनियर होते. लग्नाआधी कंपनीने त्यांना एक मशीन शिकायला चेकोस्लोव्हाकियाला पाठवलं होतं, तेही ऐन थंडीत. शहरातलं हॉस्टेल भरलेलं, म्हणून त्यांची सोय जवळच्या खेड्यात, जंगलाच्या कडेला असलेल्या विश्रामगृहात केली. त्या एका हिवाळ्यावर काकांनी उरलेला जन्म काढला.

"आमच्या तळ्यावर" असं ते म्हणाले, की ते तळं डोंबिवलीतलं नव्हे हे समजून घ्यायचं. ते तळं म्हणे कुठल्याशा सरदाराने शेकडो वर्षांपूर्वी माशांसाठी खणून घेतलं. विश्रामगृह ही त्याचीच शिकारीला आल्यावर राहायची जागा. मग युद्धात तिथे जर्मन शिपाई राहिले, युद्धानंतर सरकारने ती वास्तू कारखान्याच्या कामगारांना सुट्टी घालवायला दिली. दर शरदात तळ्याचं पाणी सोडून देत, सगळा गाव बांधावर जमे आणि माणसं गुडघाभर चिखलात उभं राहून जाळ्यांनी मासे धरत. मागे सूचिपर्णी झाडांची टेकडी, इतकी दाट की दुपारी आत दिवा लावावासा वाटे. पावसात गावातली माणसं टोपल्या घेऊन अळंबी खुडायला जात. हे ऐकलं की आईला राहवत नसे. "ती आमच्या डोंगरावं पन यायची," ती म्हणायची. "आता डोंगरच नाय." त्यावर काका मान हलवत. एमआयडीसीतल्या नाल्याचं पाणी कधी गुलाबी दिसलं, तर त्यांचा चेहरा असा पडायचा, की रंग जणू यांनीच ओतला.

त्या विश्रामगृहाची व्यवस्था यार्मिलाबाईंकडे होती. नवरा कारखान्यात, घरात दोन मुलं आणि एक करडी सासू. हा शाकाहारी प्राणी त्यांच्या पदरात पडला. "सकाळी बटाटा, रात्री बटाटा आणि सणाला खास बटाटा," असं काका सांगत. डिसेंबरात त्यांच्याकडे रिवाज असा, की नाताळसाठी तळ्यातला कार्प मासा जिवंत आणायचा आणि दोन-चार दिवस न्हाणीघरातल्या टबात ठेवायचा. म्हणजे त्याच्या अंगातला चिखलाचा वास जातो. आता आपटे म्हणजे रोज सकाळी अंघोळ केल्याशिवाय पाणी न पिणारा माणूस. हे कोपऱ्यात तांब्याने अंघोळ करणार आणि तो टबातून बघणार. दुसऱ्या दिवसापासून काका त्याच्याशी मराठीत बोलू लागले. "बघतोस काय? संध्या येते का तुला?"

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी घरची सगळी जंगलातून झाड आणायला गेली. संध्याकाळी मासा मारणार हे काकांना ठाऊक होतं. त्यांनी तो बादलीत घातला, वर टॉवेल टाकला आणि जिथे ओढा तळ्याला मिळतो आणि बर्फ धरत नाही, तिथे नेऊन सोडून दिला. "परतताना मला वाटत होतं, की मी साक्षात धर्मराज," असं सांगून काका थांबत. गोष्ट तिथे संपली असती तर त्यांनाही बरं वाटलं असतं.

यार्मिलाबाईंनी न्हाणीघराचं दार उघडलं, टब बघितला, मग काकांकडे बघितलं. गावात मासे विकायला ठेवलेली पिंपं केव्हाच रिकामी झाली होती. वर्षाच्या सणाला त्या घराने वाटाण्याचं सूप आणि बटाट्याची कोशिंबीर खाल्ली. मुलं सूप ढवळताहेत, सासू छताकडे बघतेय. त्या रात्री प्रत्येकाच्या ताटाखाली माशाचं खवलं ठेवतात. ते पाकिटात बाळगलं की वर्षभर पैसा टिकतो. मासाच नाही, तर खवलं कुठलं? "मी ताट विसळून घ्यायला उचललं," काका सांगत, "तर खाली खवलं. बाईंनी आपल्या पर्समधलं गेल्या वर्षीचं काढून मला दिलेलं. तिच्या लेकरांच्या ताटाखाली काही नाही आणि मला चोराला खवलं!" आणि माझ्याकडे वळत, "सुनंदा, ती माफी होती की थप्पड, हे मला अजून कळलेलं नाही."

हे सांगताना दर वेळी त्यांचे कान लाल होत. आम्ही हसायचो, ते हसत नसत.

काकू गेल्यावर काका दर गुरुवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागले. गुरुवारी आमच्याकडे वशाट, म्हणजे मासे-मटण, नसतं. आई सकाळपासून त्यांच्यासाठी वाटणाशिवायचं वरण, अळूचं फदफदं करायची. ते दारात चपला जोडून ठेवत, हात धूत, बेसिनवर ताट एकदा विसळून घेत आणि गुणगुणत बसत. पुढे पुढे आईच ते त्यांच्यादेखत नळाखाली धरून ओलं ताट मांडू लागली. "त्यांना बरं वाटतं," एवढंच ती म्हणाली होती.

मी स्टेशनजवळच्या एका टूरच्या ऑफिसात काम करते. गेल्या थंडीत छातीत दुखण्याचं निमित्त झालं, काका हॉस्पिटलातून घरी आले आणि मला म्हणाले, "तुझ्या त्या धंद्यात एक पत्ता शोधता येईल का गं?"

"तिकीट काढू, काका?"

"तिकीट आता वरचंच. त्या बाईची माफी मागायची राहिलीय. ती मनात घेऊन जायचं नाही मला."

गावाचं नाव त्यांना पाठ होतं. विश्रामगृह नेटवर सहज सापडलं. सरकार बदललं तेव्हा यार्मिलाबाईंच्या मुलाने ते विकत घेतलं आणि आता नात तिथे प्रवाशांना खोल्या देते. मी तिला निरोप धाडला. यार्मिलाबाई अजून होत्या! नव्वदीच्या पुढे, पण कान शाबूत. पुढचा आठवडाभर समोरच्या दारामागून काकांचा त्या भाषेतला माफीचा सराव ऐकू येत होता. "प्रोमिन्ते, प्रोमिन्ते."

गुरुवारी दुपारी, जेवणाआधी, आमच्याच हॉलमध्ये आम्ही फोन लावला. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. नातीने आधी खिडकीतून तळं दाखवलं. ते होतं तिथेच होतं, पण मागची टेकडी बोडकी. काका पुढे वाकले. "झाडं कुठे गेली?" पाऊस कमी झाला, झाडं सुकली आणि उरलेली किड्यांनी पोखरली, असं नात म्हणाली. काका नुसतं "अरेरे" म्हणाले.

मग फोन आजीकडे वळला. गालांवर सुरकुत्यांचं जाळं, अंगात जाड स्वेटर. काकांनी हात जोडले, "प्रोमिन्ते," म्हणाले आणि सगळी गोष्ट मराठीत सांगू लागले. मी ती इंग्रजीत सांगितली, नातीने त्यांच्या भाषेत. बाई मोठ्याने हसल्या. मासा? दर नाताळला कुणाच्या ना कुणाच्या घरातला मासा असा तळ्यात परत जातोच की, पोरंच सोडून येतात. त्यांच्या मुलाने तर त्या माशाला नाव दिलं होतं आणि मासा सुटला म्हणून त्या रात्री तो पोरगा पांघरुणात तोंड खुपसून हसत होता.

काकांचा चेहरा असा उजळला, की मला रडू फुटायला आलं. वाटलं, झालं, सुटला माणूस.

पण बाई आणखी काहीतरी बोलल्या, हळू आवाजात. नात जरा घुटमळली. मग म्हणाली, "आजीला एक विचारायचंय. तिची ताटं नीट धुतलेली नसायची का?"

काकांना उमगलं नाही. मी मराठीत सांगितलं, तरी ते माझ्याकडे बघतच राहिले. नात पुढे सांगू लागली. तुम्ही प्रत्येक जेवणाआधी ताट उचलून नळाखाली धरायचात. सगळ्यांसमोर. सासू आजीकडे बघायची. मग आजी तुमचं ताट सोडा घालून, कढत पाण्याने दोनदा धुवायला लागली. तरी तुम्ही धुवायचातच. खवलं तुमच्या ताटाखाली ठेवलं, कारण जेवणाआधी ताट उचलणार ते तुम्हीच, हे तिला ठाऊक होतं. तेव्हा विचारायची तिला लाज वाटली. म्हणून आता विचारतेय.

आई स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन उभी होती. माझी तिच्याकडे बघायची हिंमत होईना. काकांचे कान लाल झाले, मग मान, मग सगळा चेहरा. इतकी वर्षं तो माणूस माशापायी शरमत होता आणि त्याच शरमेच्या गोष्टीत स्वतःच्या तोंडाने "ताट विसळून घ्यायला उचललं" असं दर वेळी सांगत होता. ते त्यांना ऐकू आलं नव्हतं आणि आम्हालाही नाही.

"सांग तिला," ते कसेबसे म्हणाले, "ताटं स्वच्छ होती. लख्ख होती. मला... मला वाटायचं, कुणाच्या लक्षात येत नाही."

मी सांगितलं. बाईंनी समाधानाने मान हलवली, हात हलवला. त्यांचं काम झालं होतं. फोन बंद झाला.

काका उठले नाहीत. आईने नेहमीसारखं ताट काढलं, बेसिनशी गेली, नळ सोडला. मग बंद केला. पाठ आमच्याकडेच होती.

"भावजी," ती म्हणाली, "धुऊ का नको? आज तुम्हीच सांगा."

आवाजात राग नव्हता. असता तर काकांना सोपं गेलं असतं.

"नको, वहिनी."

आईने ताट तसंच आणून त्यांच्यापुढे मांडलं. आमच्या घरात त्यांच्यापुढे आलेलं ते पहिलं कोरडं ताट. श्रावणाच्या आधीच काका गेले, त्यामुळे तशी ताटं फार मांडली गेली नाहीत. त्या दिवशी ते पोटभर जेवले, आईने वाढलं तेवढं सगळं, पण हात धुवायला उठेपर्यंत त्यांनी मान काही वर केली नाही.