दोन शिखरांमधली धार

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि नव्या कलेक्टर कचेरीच्या टंचाई शाखेत मी कारकून होते. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला होता. गावोगावचे लोक टँकर मागायला येत आणि दिवसभर मी त्यांना 'उद्या बघू' म्हणत असे. संध्याकाळी घरी आले तरी बसवत नसे. रेणापूरच्या रस्त्याने उगाच चालत सुटायची.

नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात माझी कॉलेजातली मैत्रीण होती. आम्ही दोघींनी मिळून हिमालयात गिर्यारोहणाचा कोर्स केला होता. पुन्हा जाऊ म्हणून मीच तिच्या मागे लागले. तिला फारशी इच्छा नव्हती, माझ्यासाठी आली. निघताना वडील म्हणाले, "इथं लोक घागरभर पाण्याला कोसभर चालायलेत, अन् तू बर्फावर हिंडायला निघालीस." तरी गेले.

पहिलं शिखर सकाळीच झालं. तिथून दुसऱ्या शिखराकडे बर्फाची धार गेली होती. काही ठिकाणी जेमतेम एक पाऊल मावेल एवढीच. दोन्हीकडे उतार थेट खाली. आमचा वाटाड्या दुसऱ्या एका गिर्यारोहकाला आपल्या दोराला बांधून पुढे होता. आम्ही दोघी कमरेला एकाच दोराने बांधलेल्या, मी पुढे, ती मागे. एक घसरली तर दुसरीने उलट बाजूला उडी मारायची, म्हणजे दोर धारेवर अडकतो, असं वाटाड्याने आदल्या दिवशी सांगितलं होतं. आम्ही मान डोलावली होती.

धारेवर मला थांबवेना. वडिलांचं बोलणं, टेबलावर राहिलेले अर्ज, सगळं डोक्यात फिरत होतं. मागून ती म्हणाली, "तू लई घाई करायलीस. थांब जरा." मी ऐकलं आणि तशीच चालत राहिले. पुढच्याच पावलाला बर्फ फुटला.

किती खाली गेले ते कळलं नाही. कमरेला हिसका बसला आणि मी उतारावर लटकले. वर नुसता दोर दिसत होता, ती कुठेच नव्हती. मी हाका मारल्या. बऱ्याच वेळाने धारेपलीकडून तिचा आवाज आला, "हाय मी." ती दुसऱ्या बाजूला लटकली होती.

वाटाड्याने परत येऊन आम्हाला एकेक करून वर घेतलं. बर्फावर आपटून तिची हनुवटी फाटली होती. मागे फिरण्यापेक्षा पुढून खाली उतरायची वाट जवळची होती, म्हणून दुसरं शिखरही झालं. आता ती पुढे होती आणि मी तिच्या चालीने चालत होते. वर पोचल्यावर मी विचारलं, उडी मारताना भीती नाही वाटली का?

"वाटायला वेळ कुठं होता? तू दिसली न्हाईस, म्हून उडी मारली."

परतताना नांदेड स्टेशनवर उतरल्यावर तिने माझी पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तुझ्यासंगं दोराला मी आता येणार न्हाई. घरी चहाला कधीबी ये."

मी लातूरच्या बसमध्ये बसले. पुढे मी आणखी दोनदा हिमालयात गेले, दुसऱ्यांबरोबर. तिला पुन्हा कधी विचारलं नाही. नांदेडला गेले की चहाला मात्र जाते. त्या दिवसाची माफी मी अजून मागितलेली नाही, आणि तिनेही तो विषय कधी काढला नाही.