कागदावर गोटमार होतं

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमारास, नवऱ्याने माझ्या डोक्यात वरवंटा मारला. भाजी गार होती.

पांढुर्ण्यात तो गोटमारीच्या जत्रेचा दिवस. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, दोन्हीकडून एकमेकांवर दगड. सरकारी दवाखान्यात फुटलेल्या डोक्यांची रांग लागते. सासूने जखमेवर फडकं दाबलं आणि बजावलं, "गोटमारीत लागला म्हनजो. आज कोनी विचारत नाही."

खरंच कोणी विचारलं नाही. कंपाउंडर मान वर न करता म्हणाला, "गोटमार?" मी हो म्हटलं. सही केली. सात टाके.

आठ महिन्यांनी, पुन्हा मार खाऊन, मी माहेरी मोहगावला आले. सौंसरच्या कोर्टात संरक्षणाचा अर्ज केला. मागणी दोनच. नवऱ्याने मला मारायचं नाही. मी राहते त्या घराच्या आसपास यायचं नाही.

सासरे निवृत्त हेडमास्तर. कोर्टाच्या आवारात निम्मे लोक त्यांच्या पाया पडले. त्यांच्या वकिलाने 'गोटमार' लिहिलेला दवाखान्याचा कागद वर धरला.

"शंभर लोकायले गोट लागते बाई. तुमालेच काहून नवरा लागला?"

मागचे हसले.

"तवा खोटं बोलल्या, का आता बोलून राहिल्या?"

तेवढ्यात जेवणाची सुटी झाली. भाऊ म्हणाला, "ताई, अर्ज वापस घे. खोटी ठरून राहिली तू."

सुटीनंतर मी उभी राहिले. "तवा खोटं बोलली. सासूनं शिकवलं, मी बोलली. लिहून घ्या साहेब."

कोणी हसलं नाही.

पुढच्या तारखेला सासरी शेजारी राहणाऱ्या काकूंनी साक्ष दिली. त्या दुपारी ही घराबाहेर गेली नव्हती. निघाली ती रक्तात भिजूनच निघाली.

मागितला तसा आदेश झाला. नवऱ्याने अपील केलं. फेटाळलं गेलं.

पंधरा दिवसांनी सासरे मोहगावला आले. फाटकापाशी त्यांची गाडी उभी होती. मागच्या सीटवर नवरा.

"आदेश त्याच्यावर आहे पोरी, माझ्यावर नाही. ये, गाडीत बसून बोलू."

मी मोबाईलवर गाडीचा फोटो काढला. नंबर आणि नवरा, दोन्ही दिसतील असा. भावाला म्हटलं, "मोटरसायकल काढ."

ठाण्यात हवालदार म्हणाला, "सासरा आहे तुमचा. चहा पाजून वापस पाठवाचं होतं."

मी आदेशाची प्रत टेबलावर ठेवली आणि बाकावर बसले. दोन तास बसले.

साडेचारला आदेश मोडल्याचा गुन्हा नवऱ्यावर दाखल झाला.