मैमूनाचाचीचा हात

पिंपळगाव रेणुकाईत लग्न ठरलं की मैमूना मणियारणीला सांगावा जाई. नवरीचा अंगठा तळव्यात दुमडायचा, मूठ हलकेच आवळायची आणि बोलण्यात गुंतवून बांगडी मनगटावर सरकवायची, हे तिच्यासारखं कुणालाच जमलं नाही. चुडा भरून झाला की नवरी तिच्या पाया पडे. मैमूना मुसलमान असली तरी हा रिवाज कुणी मोडला नव्हता.

नवरा वारला तेव्हा तिला कळलं की त्याचा एचआयव्ही आपल्यालाही आहे. जालन्याच्या सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या ती न चुकता घेते. तब्येत ठणठणीत आहे. गेल्या वर्षी गावातल्या आर्यनने तिला तिथल्या एचआयव्हीच्या गोळ्यांच्या रांगेत पाहिलं आणि फोटो काढून पोरांच्या ग्रुपवर टाकला. तेव्हापासून तिला बोलावणी येईनाशी झाली.

आर्यनची चुलतबहीण छकुली ही माझ्या शेजारच्या साखराबाईची लेक. तिचं लग्न निघालं. साखराबाईने कुणाला न विचारता मैमूनाला निरोप धाडला. मी सोबत गेले.

"छकुलीनं हात दिला ना बाई, तर बाकीच्या पोरी बी देतील," मैमूना वाटेत म्हणाली. तिने नवी ओढणी घेतली होती.

छकुली मैत्रिणींच्या घोळक्यात बसली होती. मैमूनाने पेटी उघडली आणि हात पुढे केला.

"आण बेटी. सासूचं नाव काय तुझ्या? तिखट हाय का गोड?"

एरवी यावर हशा पिकला असता. छकुलीने हात पदराखाली घेतला.

"चाची, मी घालते माझ्या मी."

"आन् काच फुटली, रक्त आलं तर?" एक मैत्रीण कुजबुजली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"फुटली न्हाई म्हनू, पोरी," मैमूना हळूच म्हणाली. "लग्नाच्या घरात बांगडी वाढली म्हनत्यात."

"छकुले, हात दे!" साखराबाई कडाडली. "बाळपणापासून कोन भरून राह्यलं तुला?"

"आई, मला समजतंय ना! 'हात लावल्यानं एचआयव्ही होत न्हाई', ही पाटी कॉलेजच्या रॅलीत मीच धरली होती." छकुली रडकुंडीला आली. "पण ग्रुपवरून सगळं सासरपातुर गेलंय. उद्या तिकडं कोन काय म्हनंल?"

मैमूनाने बांगड्या ताटात काढून ताट तिच्याकडे सरकवलं. छकुली हाताला साबण लावून त्या ओढू लागली. एक कडकन गेली. मनगटावर रक्ताची रेघ उमटली. मैमूनाने सवयीने ओढणीचं टोक पुढे केलं, तशी छकुली किंचाळून मागे सरली. जिथे होता तिथेच मैमूनाचा हात थांबला.

रक्त छकुलीचं होतं. काच छकुलीच्याच हातात फुटली होती. तरी सगळ्या पोरी मैमूनाकडे बघत होत्या.

"वाढली," ती म्हणाली आणि पेटी बंद केली. साखराबाई रडत तिच्या पाया पडायला वाकली, तर तिने पाय मागे घेतले.

आता ती रेणुकाईच्या देवळापाशी चाप, रबरं, टिकल्यांची पाकिटं विकते. पोरी गर्दी करतात. हव्या त्या वस्तू आपल्या आपण उचलतात. परवा मी तिच्यासमोर हात धरला. म्हटलं, "भर. साध्या काचेच्या."

"बाई," ती माझ्या हाताकडे न बघता म्हणाली, "बांगड्या ठेवतच न्हाई मी आता."