थांबलेल्या कामांचा रकाना

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि आमच्या घरात शेजारच्या वाड्यावरची, पलीकडच्या वस्तीतली भांडणंसुद्धा जेवताना चवीने चघळली जातात. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, असं म्हणून पाहतो. पण माझ्या कारणांवर माझाच आता फारसा विश्वास उरलेला नाही.

गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या कोरगावात माझं घर आहे. नोकरी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत, पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात. मी नियोजन विभागात आहे. कुठलं काम कुणाकडे, कधी सुरू झालं, कधी संपणार, का अडलं — याची नोंद ठेवायची, एवढंच माझं काम. पूर्वी या नोंदी वह्यांत असत. मग एक सॉफ्टवेअर आलं. तीन वर्षांपूर्वी ते टाकून दुसरं घेतलं, आणि जुन्यातली सगळी माहिती नव्यात न्यायचं काम माझ्याकडे आलं. ऐकायला किती निरुपद्रवी वाटतं, नाही का? घर बदलताना भांडी एका ट्रंकेतून दुसऱ्या ट्रंकेत जावीत, तसं. मलाही तसंच वाटलं होतं — नाही, हे खरं नाही. पहिल्याच आठवड्यात मला कळलं होतं की हे तसं नाही.

आधी परशराममामांबद्दल सांगायला हवं.

ते देखभालीचे फोरमन. मूळचे चंदगडकडचे, एकोणीस वर्षं आमच्या कारखान्यात. जनरल मॅनेजर सोडून सगळे त्यांना मामा म्हणायचे. जुनं सॉफ्टवेअर आलं तेव्हा शॉपमधल्या, म्हणजे यंत्रांवर काम करणाऱ्या माणसांना कुठले ईमेल? म्हणून हत्यारांच्या खोलीबाहेर एकच टॅबलेट साखळीने टांगला आणि सगळ्यांसाठी एकच खातं उघडलं — ‘शॉप’ नावाचं. ज्याला काही सांगायचं असेल त्याने त्या कामाखाली लिहायचं आणि शेवटी आपलं नाव घालायचं. आमच्या पेडण्यात देवळात उभं राहून देवाला मोठ्याने गाऱ्हाणं घालतात, तुम्हाला ठाऊक असेल. पोरांनी या लिहिण्याला तेच नाव दिलं. “मामा, गाऱ्हाणं घातलंत काय?” “घाटलंय रे, पण देव अजून चा पिऊन यायाचाय.” देव म्हणजे मी. रोज सकाळी मी ती गाऱ्हाणी वाचायचो.

मामा एका बोटाने टाइप करायचे. सातवी शिकलेला माणूस, पण त्यांच्याएवढं नेमकं लिहिणारा इंजिनिअर मी त्या कारखान्यात पाहिलेला नाही.

नवं सॉफ्टवेअर आलं ते वाजतगाजत. जनरल मॅनेजरना परिवर्तन हा शब्द फार आवडायचा. एका सभेत तो किती वेळा येतो यावर आम्ही मागच्या बाकावर पैजा लावायचो. त्यांनी भिंतीवर एक वाक्य लावून घेतलं — जे सिस्टिममध्ये नाही, ते घडलेलंच नाही. मी हसलो. हसणं मला सहज जमतं. वाचनालयाचा जुना सभासद मी, दुसऱ्याचं ढोंग मला लांबून दिसतं. आणि हसणारा माणूस असं धरून चालतो की आपण त्या ढोंगात सामील नाही. मी तसंच धरून चाललो होतो.

आता काय झालं ते सांगतो.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कामाच्या चार अवस्था होत्या: करायचं आहे, चालू आहे, थांबलंय, पूर्ण. नव्यात तीनच. ‘थांबलंय’ नव्हतंच. जिथे सुटा भाग यायचा बाकी आहे, किंवा कुणाची मंजुरी अडली आहे, ती सगळी कामं त्या रकान्यात असायची. चाळीसेक होती. ती कुठे टाकायची, असं मी पुण्याहून आलेल्या सल्लागाराला विचारलं. तो म्हणाला, ते तुम्ही ठरवा, मला फक्त कुठला रकाना कुठे जाईल तेवढं लिहून द्या. ‘चालू आहे’ मध्ये टाकली तर मुदत उलटलेली म्हणून ती सगळी लाल दिसणार होती. आणि उद्घाटनाला मालक येणार होते. भल्यामोठ्या पडद्यावर लाल चालणार नाही, असं मला जनरल मॅनेजरनी बजावलेलं होतं.

मी ती ‘पूर्ण’ मध्ये टाकली. एका ओळीत. नंतर एकेक उघडून परत बदलू, असं ठरवून. ठरवलं होतं का खरंच? ठरवलं होतं. त्याने काय फरक पडतो?

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. गाऱ्हाणी आलीच नाहीत. नवं सॉफ्टवेअर प्रत्येक लिहिण्याला त्याच्या लेखकाचा ईमेल मागत होतं, आणि ‘शॉप’ या खात्याला ईमेल नव्हता. त्यामुळे शॉपमधून लिहिलेलं सगळं त्याने नाकारलं. त्याखाली कुणी उत्तर दिलं असेल तर तेही. नाकारलेल्या ओळींची एक वेगळी फाईल त्याने मला बनवून दिली, अगदी सभ्यपणे. मी ती उघडली. खाली सरकवत गेलो, संपेना. ‘शॉप’ साठी एक खोटा ईमेल बनवून सगळं पुन्हा चढवलं असतं तर दोन दिवसांचं काम होतं. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. मी फाईल बंद केली, आणि ‘सर्व माहिती तपासून पूर्णपणे हलवली आहे’ असं लिहिलेल्या कागदावर सही केली.

उद्घाटन झालं. लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, हार घातला. भटजींनी विचारलं, संकल्पात यजमान म्हणून कुणाचं नाव घ्यायचं? जनरल मॅनेजर आणि मालक एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी नारळ फुटला तो थेट कळफलकावर. सगळे हसले. मला शाल मिळाली. पडद्यावर सगळं हिरवंगार. मामा मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

त्या हिरव्यात एक काम होतं — मोठ्या होइस्टचा ब्रेक. वजन उचलणारं यंत्र ते. त्याचा ब्रेक घसरत होता आणि नवं लायनर, म्हणजे ब्रेकच्या आतलं अस्तर, यायचं होतं, म्हणून काम थांबलेलं. नाकारलेल्या ओळींत मामांनी त्याबद्दल तीनदा लिहिलेलं आहे. मला पाठ आहे. “ब्रेक घसरतोय. अर्ध्याच्या वर वजन लावू नका. परशराम.” मग आठवड्याने: “लायनर आलं नाही. अजून घसरतोय. दुसऱ्या पाळीला सांगा. परशराम.” याच्याखाली माझं उत्तर आहे: “पाहतो.” आणि तिसरं: “साहेब पाहिलं का. माणूस खाली असतो. परशराम.”

आपल्या पाळीतल्या माणसांना मामांनी तोंडीही सांगितलं होतं. मग ते आईच्या वर्षश्राद्धासाठी चार दिवस गावी गेले. दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरने नव्या सिस्टिममध्ये बघितलं — होइस्ट, ब्रेक दुरुस्ती, पूर्ण. त्याने पूर्ण वजन लावलं. त्याचं काय चुकलं? तसंच करायला आम्ही त्याला शिकवलं होतं. खाली उल्हास होता. माझ्याच गावचा, आमच्या वाड्यापासून दोन वाडे पलीकडे त्याचं घर. डाव्या पायाचा पुढचा भाग चिरडला. तीन बोटं गेली.

मामा परतले तेव्हा चौकशी लागली. जनरल मॅनेजरच्या खोलीत भिंतीवर पडदा, पडद्यावर ते काम. जबाबदार: परशराम. स्थिती: पूर्ण. त्याखाली कोरं.

“मी लिवलंय की सायेब,” मामा म्हणाले. “तीनदा लिवलंय. जरा वरखाली करून बघा.”

वरखाली केलं. कोरंच होतं. जुनं सॉफ्टवेअर तर उद्घाटनाच्या दिवशीच बंद केलेलं. जनरल मॅनेजरनी मला विचारलं, “परब, जुन्यातलं काही यायचं राहिलंय का?”

मला विचार करायला वेळ मिळाला नाही, असं म्हणता आलं तर किती बरं होईल. पण मिळाला होता. अपघात आदल्या आठवड्यातला. त्या रात्रीपासून मी हाच प्रश्न ऐकत होतो आणि त्याचं उत्तर तयार करून बसलो होतो.

“नाही सर. सगळं आलंय.”

मामांनी माझ्याकडे बघितलं. राग असता तर बरं झालं असतं. एखाद्या जाणत्याकडे माहितीसाठी बघावं, तसं त्यांनी बघितलं. आणि म्हणाले, “मग माझंच कायतरी चुकलं असंल.”

राजीनामा स्वतःहून द्या, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी दिला. जायच्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“परब सायेब, एक इचारू? मी लिवलं हुतं न्हवं? तुमी समदं वाचता न्हवं सकाळचं?”

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. हे मुद्दाम सांगतोय. जनरल मॅनेजरसमोर मी नोकरीसाठी खोटं बोललो, असं तुम्ही म्हणाल. तेवढं समजून घ्याल कदाचित. पण इथे कोण होतं? एक म्हातारा होत चाललेला माणूस आणि मी. त्याला नोकरी परत नको होती. त्याला फक्त आपली आठवण शाबूत आहे एवढं ऐकायचं होतं. हळूच सांगितलं असतं, हो मामा, तुम्ही लिहिलं होतं — ते कुणाकडेही गेले नसते. मला हे माहीत होतं.

“मामा,” मी म्हणालो, “मला काही आठवत नाही.”

“व्हय व्हय,” ते लगेच म्हणाले, “तुमाला तरी किती ध्यानात ऱ्हाणार.” मलाच समजावल्यासारखं. मग म्हणाले, “आईचंबी शेवटाला असंच हुतं. केलेलं केलं न्हाई म्हणायची, न केलेलं केलं.”

जाण्याआधी त्यांना उल्हासला भेटायचं होतं. घर माहीत नाही, तुम्ही न्याल का, म्हणाले. मी नेलं. स्कूटरवर मागे ते, मांडीवर गावाकडच्या रताळ्यांची पिशवी.

उल्हास ओसरीवर खुर्चीत बसला होता, पाय पाटावर. मामा खाली उकिडवे बसले आणि त्यांनी त्या पट्टी बांधलेल्या पायाला हात लावला.

“उल्हास, माझ्या हातनं झालं बाबा. मीच ते काम बंद केलेलं असणार. ध्यानात न्हाई, पर केलेलं असणार.”

“मामा, उठा हो आधी,” उल्हास ओशाळून म्हणाला. “दोन बोटां आसत मरे अजून. फुटबॉल खंय खेळाचो आसा माका?”

दारात त्याची बायको उभी होती. तिला हसू आलं नाही. “माफी मागून बोटां येतली काय?” ती म्हणाली. मामांनी मान आणखी खाली घातली. ती आत गेली, आणि चहा घेऊनच बाहेर आली. पहिला कप तिने मला दिला. “भाऊ, तुमी होतास म्हणून हे मामा इले तरी,” ती म्हणाली. “दुसरो कोण इलो नाय कारखान्यातलो.”

मी कप घेतला. चहा प्यायलो. मामांची ती माफी मी शेवटपर्यंत ऐकली आणि मध्ये एक शब्द बोललो नाही. पेडण्याच्या बसस्टँडवर त्यांना सोडताना ते म्हणाले, “आता जरा हलकं वाटतंय.” बस सुटेपर्यंत मी थांबलो होतो. का थांबलो होतो, मला माहीत नाही.

त्या चाळीस कामांतली उरलेली मी नंतर एकेक करून दुरुस्त केली. कुणाला कळलं नाही. नाकारलेल्या ओळींची फाईल माझ्याकडे आहे. जनरल मॅनेजर बदलून गेले. भिंतीवरचं ते वाक्यही उतरवलं. ही फाईल आज कुणालाही दाखवली तरी माझं काही बिघडणार नाही, इतकं ते सगळं जुनं झालंय. तरीही मी दाखवलेली नाही.

गेल्या महिन्यात मामांच्या मुलाचा फोन आला होता, प्रॉव्हिडंट फंडाच्या एका कागदासाठी. मामा कसे आहेत, मी विचारलं. बरे आहेत म्हणाला, फक्त आता ते कशाला हात लावत नाहीत. मोटर चालू करत नाहीत, गॅस पेटवत नाहीत. आपल्याला करू देऊ नका, आपल्या लक्षात राहत नाही, असं त्यांनीच घरच्यांना सांगून ठेवलंय.

त्यांचं डोकं ठणठणीत आहे. ही गोष्ट फक्त मला माहीत आहे.