मका पिणारी स्कूटर

घाटकोपरला आमच्या नाक्यावरचा अंडीवाला अख्ख्या देशाच्या मक्याची चिंता एकटा वाहतो, म्हणून तर मंत्र्यांना शांत झोप लागते. अंड्यांचा भाव विचारला की डोळे मिटून सुरू: "पूर्वी आपला मका जहाजं भरभरून परदेशी जायचा. आता त्याचं इथेनॉल करून पेट्रोलात ओततात आणि वर बाहेरून मका आणतात. तुमच्या गाड्या मका पिणार, मग कोंबडीने काय खायचं, हवा?"

म्हणून स्कूटरवाल्यांना चढा भाव, पायी येणाऱ्यांना जुनाच. न्याय म्हणजे न्याय!

परवा मी स्कूटर मागच्या गल्लीत लपवली आणि काशीहून चालत आल्यासारखा धापा टाकत दुकानात शिरलो. त्याने मायेने पाणी दिलं, अंडी बांधली आणि चढाच भाव लावला.

"अरे, पायी आलोय ना!"

"हो साहेब. आता हेल्मेट काढा."