डागाचं काम

काका गेल्यापासून मावशीच्या दुकानात येणारा जो तो दारातूनच विचारतो, "आता दुरुस्ती बंद का?" रेडिओ, मिक्सर, पंखे, तीस वर्षं सगळं मावशीनं दुरुस्त केलं. काका काउंटरवर बसून गप्पा हाणायचे, आणि पाटीवर नाव त्यांचं. बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही!

वाचनालयाच्या सभागृहात तंत्रज्ञान मेळावा भरला. सर्किट जोडायची कार्यशाळा होती आणि शेवटी प्रमाणपत्र.

"तेवढा कागद भिंतीवर लागला ना, की गिऱ्हाईक माझ्या हातात वस्तू देईल," मावशी म्हणाली. मी सोबत गेले.

नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "अनुभव?"

"तीस वर्षं डागाचं काम करते."

कथील वितळवून तार जोडायची, त्याला आमच्या दुकानात डाग देणं म्हणतात. त्या बयेनं लिहिलं, 'कपड्यांचे डाग काढणे', आणि मावशीच्या गळ्यात 'प्रेक्षक' अशी चिठ्ठी अडकवली. मी भांडले. "एकदा भरलेला फॉर्म बदलता येत नाही," म्हणे. जशी काही काळ्या दगडावरची रेघ!

मावशी मागच्या खुर्चीवर बसली. पुढे टेबलावर बाराजण, आणि एकाचाही दिवा लागेना. शिकवणारा पोरगेला मास्तर म्हणाला, "दिव्यांचा मालच खराब आलाय."

मावशी उठून पुढे गेली. "माल चांगला आहे. डाग थंड बसलेत. आधी तार तापवा, मग कथील लावा."

"मावशी, हात लावू नका, भाजेल!"

मावशी ती माझी, त्याची नव्हे. आणि तिच्या बोटांवरचे चट्टे त्याच्या वयापेक्षा जुने आहेत. त्यानं मात्र तिनं सांगितलं तसंच केलं. दिवा लागला. "बघा, माझ्या आत्ता लक्षात आलं," असं म्हणून टाळ्याही त्यानंच घेतल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाराजणांना प्रमाणपत्रं मिळाली. मावशीला मिळालं, 'उपस्थितीबद्दल आभार'. दुकानात आल्यावर मी ते फाडायलाच निघाले.

"थांब गं, कागद जाड आहे," ती म्हणाली.

तिनं तो उलटा केला आणि मार्करनं ठसठशीत लिहिलं, 'इथे दुरुस्ती चालू आहे. तीस वर्षं मीच करते आहे.' मग स्टुलावर चढली आणि पाटीवर, काकांच्या नावावरच, तो चिकटवून टाकला.