डुलली नाही त खरी

काडतुसांची नवी पेटी उघडली की दुकानातले कारागीर काका त्यातलं एक काडतूस काउंटरच्या काचेवर ठेवत आणि बोटानं हलकेच गडगडवत. टोक डुललं तर ती गोळी बाजूला. नाही डुललं तर म्हणत, "डुलली नाही त खरी!"

अमरावतीतलं ते बंदूक दुरुस्तीचं दुकान तुम्हीही पाहिलं असेल, आत मात्र क्वचितच गेला असाल. काका तरुणपणी गोळ्यांच्या कारखान्यात होते. विचारायचा अवकाश, सुरू होत. "तांब्याच्या वाटीत शिसं दाबाचं. टोकाशी उघडं ठेवाचं. कावून? लागलं का थे फुलते, जनावर जागीच जाते. नाही त बिचारं तीन दिवस झुडपात कण्हते. अन् गोळी नळीपेक्षा केसभर जाड पाहिजे, तवाच रायफलच्या नळीतल्या आट्यांत, पिळाच्या खाचांत, दाटून फिरत जाते." एवढं जाणणाऱ्या या माणसानं आयुष्यात चिमणीही मारली नव्हती.

चांदूर बाजारला आमच्या दादाची संत्र्याची बाग आहे. रानडुकरांसाठी परवान्याची बारा बोअर बंदूक. काही वर्षांपूर्वी बागेच्या बांधावर गोळी लागलेली रोही, म्हणजे नीलगाय, मरून पडली. वनखात्याची गाडी दिसली आणि दादानं घाबरून काय करावं? बंदूक रॉकेलनं आतून-बाहेरून लख्ख पुसली! रॉकेलचा वास घेऊन साहेबांनी एवढंच विचारलं, "पुसली कशाला?" आणि बंदूक जप्त केली. आता हा तुरुंगात जाणार, असं मी धरूनच चाललो.

काकांना सांगितलं तर ते आधी दादावरच चिडले. मग दुकानाच्या मालकाला विचारून नमुन्याची, दारू नसलेली रायफलची एक गोळी खिशात टाकली आणि माझ्यासोबत निघाले.

साहेबांच्या टेबलावर दादाची बंदूक आणि एक सीलबंद बाटली होती. त्यात रोहीतून काढलेली गोळी. काकांनी चष्मा वर करून बाहेरूनच पाहिली.

"साहेब, अंगावर तिरप्या रेघा हायेत. थ्या रायफलच्या आट्याच्या. या बंदुकीची नळी आतून सपाट हाय. अन् हे पाहा."

त्यांनी बंदूक उघडून उभी धरली आणि खिशातली गोळी वरून सोडली. गोळी खडखड करत नळीतून आरपार गेली आणि टेबलावर पडली.

"ह्या नळीत थे बसतच नाही, त उडन कशी?"

साहेब हसले. मला तिथेच रडू आलं. पुढे तपासणीचा अहवालही तेच म्हणाला. बंदूक परत आली. दादाला पुन्हा जेवण जाऊ लागलं.

तेव्हापासून दादा दर हंगामात काकांना संत्र्याची करंडी पाठवी. काका पहिलं संत्रं काचेवर गडगडवत. ते वेडंवाकडं डुलत जाई. "याले माफ हाय," म्हणत आणि सोलत.

पावसाळ्यात काका अकोल्याला लेकीकडे गेले आणि तिथेच वारले. यंदाची करंडी मीच दुकानात नेली. मालकानं एक संत्रं काचेवर सोडलं. ते डुलत डुलत काकांच्या रिकाम्या स्टुलाकडे गेलं. मग मीच म्हणालो, "याले माफ हाय."